माणसांसाठी जागा

चित्रकलेतले मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आमच्या घराच्या भिंतीवर आजवर काय लागले, तर एक कालनिर्णय, पंढरपूरहून आणलेली विठ्ठल-रखुमाईची तसबीर आणि चार वर्षांपूर्वी वारलेल्या आबांचा हार घातलेला फोटो. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. चित्राकडे कसे पाहावे हे सांगणारे घरात कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीसुद्धा या अंकासाठी विषय विचारला गेला, तेव्हा मी सुधीर पटवर्धनांचे नाव दिले. एका मैत्रिणीने लगेच टोकले, "अगं, त्यावर समीक्षक लिहितात." लिहोत बापडे. मला जे म्हणायचे आहे ते चित्राच्या रंगाविषयी थोडे आणि चित्रातल्या बाकड्याविषयी जास्त आहे.

झाले असे की, इतिहासाच्या तासाला १९८२ चा गिरणी संप चालू होता. सरांनी ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणले होते, ते वर्गात फिरवले. त्यात पटवर्धनांची चित्रे होती. आमच्या बाकापर्यंत पुस्तक आले तेव्हा तास संपत आला होता. 'इराणी रेस्टॉरंट' नावाचे १९७७ चे एक चित्र माझ्यासमोर उघडले गेले. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस. बस्स, एवढेच. ना देव, ना राजा, ना सुंदर स्त्री, ना सूर्यास्त. मला प्रथम वाटले, यात काढण्यासारखे काय होते? मग वाटले, हा माणूस मी कुठेतरी पाहिला आहे. मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि संध्याकाळी घरी बाबांना दाखवला.

बाबा चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. एरवी मोबाईलवर काही दाखवले की "हं" म्हणून परत देतात. या वेळी म्हणाले, "आबा असेच बसायचे."

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी एकोणीस वर्षांत ऐकले नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. लोअर परळला चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत घर. आबा साचेखात्यात कामाला. संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे पुस्तकात असते. पण संपावरचा माणूस सकाळी उठून जातो कुठे, हे पुस्तकात नसते. पहिले काही महिने सभा होत्या, मोर्चे होते, कुणाला गावाकडे शेती होती ते पाटण-संगमेश्वरला निघून गेले. आमची शेती नावापुरती. खोलीत दिवसभर बसावे तर आजीसमोर बसायची लाज. तेव्हा आबा सकाळची पाळी असल्यासारखे डबा न घेता बाहेर पडत आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाऊन बसत. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडी खुर्च्या, भिंतीला आरसा. एक पानी-कम चहा. तो चहा दोन-दोन तास पुरवायचा. समोर सगळ्यांचा मिळून एक पेपर. पाने सुटी करून टेबलाटेबलांवर वाटलेली. बाबांना कधी सोबत नेले तर अर्धा ब्रून मस्का मिळे. "पण त्या इराण्याने आबांना कधी ऊठ म्हटले नाही," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले.

या वाक्यापाशी मी अडले, आणि हा लेख खरे म्हणजे तिथूनच सुरू झाला.

पटवर्धनांबद्दल थोडी माहिती देते, कारण आमच्या वर्गातही कित्येकांना ती नाही. त्यांचा जन्म पुण्याचा, १९४९ चा. चित्रकलेच्या शाळेत ते शिकले नाहीत. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये डॉक्टर झाले आणि मुंबईकडे आले. पुढे १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, आमच्याच ठाण्यात त्यांनी क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याच्या जोडीने चित्रे काढली. क्ष-किरणाला आमच्याकडे अजून 'फोटो' म्हणतात. गिरणीतल्या कापसाच्या तुसाने आबांची छाती कायमची भरलेली. त्यांच्या छातीचे फोटो ठाण्यात किती वेळा निघाले याची गणती नाही. कुणाच्या दवाखान्यात, ते आता घरात कुणालाच आठवत नाही. दिवसा माणसाच्या फासळ्या पाहायच्या आणि मग तोच माणूस कपड्यांसकट, पिशवीसकट, चेहऱ्यावरच्या थकव्यासकट कॅनव्हासवर आणायचा, हे मला विलक्षण वाटते.

१९८१ मध्ये भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधुरी, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि पटवर्धन अशा सहा चित्रकारांचे एक प्रदर्शन मुंबईत व दिल्लीत झाले. त्याचे नाव होते 'प्लेस फॉर पीपल'. माणसांसाठी जागा! चित्रातून माणूस हद्दपार होऊन नुसते आकार आणि रंग उरले होते, त्या काळात या मंडळींनी चित्रात माणसाला पुन्हा जागा करून दिली, असा त्या नावाचा अर्थ सरांनी सांगितला. मला मात्र ते नाव वाचल्याबरोबर त्याचा सरळसोट अर्थच डोळ्यांपुढे आला. माणसांना बसायला, उभे राहायला, टेकायला जागा. पटवर्धनांच्या त्या वर्षांतल्या चित्रांची नावेच बघा. 'इराणी रेस्टॉरंट' सांगितलेच. १९८० चे 'ट्रेन', लोकलच्या डब्यातले. १९८१ चे 'ॲक्सिडेंट ऑन मे डे'. सगळे घराबाहेरचे. ज्याचे घर दहा बाय बाराचे, त्याचे अर्धे आयुष्य घराबाहेरच जाते. कुणा चित्रकाराला त्या माणसाचे चित्र काढायचे असेल तर त्याला घराबाहेरच यावे लागणार.

या सुरुवातीच्या चित्रांतली माणसे अंगाने भरीव आहेत, चौकट भरून टाकतात. ती दयेची भीक मागत नाहीत, आणि मुठी आवळलेले वीरही नाहीत. कामगार म्हटला की एकतर रडका नाहीतर लढवय्या, अशी आपल्याकडच्या सिनेमा-नाटकांनी सवय लावून ठेवली आहे. आबा दोन्ही नव्हते. ते बसून राहणारे होते. 'नुसते बसलेले' माणूस काढायला किती आदर लागत असेल!

पुढे पुढे, निदान पुस्तकाची पाने उलटताना मला तरी असे दिसले, की चित्रांत शहर मोठे होत जाते आणि माणसे लहान. १९८९ चे 'पोखरण' पाहा. (वर्गातल्या दोघांना ते राजस्थानातल्या अणुचाचणीचे चित्र वाटले. पोखरण रोडवरून रोज बसने येणारी पोरे!) ठाण्याच्या डोंगराकडचा, वस्ती वाढत चाललेला तो भाग. २००१ चे 'लोअर परळ' हे तर आमच्या जुन्या घराच्या परिसराचेच. ते बाबांना दाखवले तेव्हा त्यांनी बोटांनी फोटो मोठा करकरून आमची चाळ शोधली. अर्थात सापडली नाही. चित्र म्हणजे नकाशा नव्हे, हे मी त्यांना समजावून सांगणार होते. पण मीसुद्धा शोधतच होते.

२००१ या सालाचे आणखी एक महत्त्व आहे, ते राज्यशास्त्राच्या मॅडमनी सांगितले म्हणून मला कळले. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा विकास करायचा झाल्यास तिचे तीन वाटे पडायचे: एक मोकळ्या सार्वजनिक जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरणीत शेड आणि खाती किती आणि मोकळे अंगण किती, हे ज्याने गिरणी पाहिली आहे त्याला सांगायला नको. म्हणजे जिथे एक वाटा बाग, मैदान, बाकडी व्हायची, तिथे काय झाले ते लोअर परळला उतरून पाहता येते. मी गेले होते. काचेच्या इमारतींच्या खाली बसायला पायऱ्या आहेत. तिथे टेकले तर पाचव्या मिनिटाला सुरक्षारक्षक आला. बिचारा माझ्याच बाबांच्या वयाचा. "ताई, इथे बसायचं नाही." मी उठले. त्याचा दोष नाही. त्यालाही बसायला खुर्ची दिलेली नव्हती.

इथे कुणी म्हणेल की, ही जुन्या दिवसांची हळहळ झाली. चाळ किती छान, इराणी किती छान, सगळे कसे जिव्हाळ्याने राहत! असे लेख दिवाळी अंकांतून भरपूर येतात, आणि ते बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनी लिहिलेले असतात. आम्ही अजून चाळीतच राहतो. फक्त परळऐवजी ठाण्यात, वागळे इस्टेटच्या अलीकडे. सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहून जिव्हाळा वाढतो असे मला कधी वाटले नाही. मला दार लावता येईल अशी खोली हवी आहे. ती मिळाली तर मी हा लेख मोरीच्या कट्ट्यावर वही ठेवून लिहिणार नाही.

शिवाय आजीने तर माझी हवाच काढून घेतली. तिलाही ते इराण्याचे चित्र दाखवले. चष्मा लावून तिने नीट पाहिले आणि विचारले, "ह्यात बाया कुठं हायत?"

मी म्हटले, "आजी, हॉटेल आहे ते. तू जायचीस का?"

"आमी कशाला जातोय? एकदाच गेलो. तुझ्या बाबाला ताप भरला व्हता, केईएमवरनं येताना पाऊस लागला. तवा तुझ्या आबांनी नेलं. मागं लाकडाची खोली व्हती बायकांसाठी. दार लोटून घ्यायचं. च्या पिला नि भाईर आलो. चव बी न्हाई कळली."

ती 'फॅमिली रूम'. ज्या इराण्याने आबांना कधी ऊठ म्हटले नाही, त्याच्याकडे आजीने आयुष्यात एकदा, लोटलेल्या दाराआड, एक कप चहा प्यायला. मग तिची बसायची जागा कोणती? तर नळ, जिना आणि चूल. गावाकडच्या सहा गाळ्यांवरच्या पुरुषांचे जेवण ती करायची. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायका घरोघर होत्या, त्यांची संघटनासुद्धा १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी उभी केली, ती 'अन्नपूर्णा'. आजी तिच्यात नव्हती. संपात ते सहाही जण गावाला गेले आणि तिघांचे पैसे राहिले ते राहिलेच. त्यांची नावे तिला अजून पाठ आहेत. राग नाही म्हणते, पण नावे पाठ आहेत.

तेव्हा सार्वजनिक जागा म्हटली की ती सर्वांची होती, असे मानायचे कारण नाही. माझ्यापुरते म्हणाल तर माझा इराणी म्हणजे लोकलचा लेडीज डबा. आई ठाण्याहून मुलुंडला पोळ्यांच्या कामाला जाते आणि तिथून एकीबरोबर पुढे भांडुपपर्यंत. त्या डब्यात भाजी निवडली जाते, साड्या विकत घेतल्या जातात, दसऱ्याला डबा सजतो, लग्ने जमतात आणि मोडतात. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून आईने मला कितीतरी पाढे पाठ करून घेतले आहेत. पण तिथे बसायला आधी पास लागतो, आणि स्टेशन आले की उतरावे लागते. काम नसलेल्या बाईला शहरात दोन तास बसायचे असेल तर कुठे बसावे? देवळात. दुसरे नाव मला सुचत नाही. वाचकांना सुचले तर सांगावे.

आता चित्रांच्या जागेविषयी, कारण माझे खरे भांडण तिथे आहे. ज्या माणसांची ही चित्रे आहेत त्यांना ती बघायला मिळतात का? बाबांना घेऊन मी एका रविवारी मुंबईला जहांगीर कलादालनात गेले. पटवर्धनांची चित्रे तिथे नव्हती. तिथली प्रदर्शने आठवड्या-आठवड्याला बदलतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. दुसऱ्या कुणाचे प्रदर्शन होते. प्रवेशाला पैसे नाहीत, दारात कुणी अडवले नाही. पण बाबा दाराशी थांबले आणि चपला काढू लागले. मी हळूच म्हटले, "बाबा, राहू दे, चालतं." ते आत आले, हात मागे बांधून भिंतीपासून चार हात लांबून चालले आणि पाच मिनिटांत बाहेर पडले. कुणी काही बोलले नाही. त्यांना ऊठ म्हणायला तिथे कुणाची गरजच नव्हती.

पटवर्धनांना हे कळत नाही असे मुळीच नाही. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी समकालीन भारतीय चित्रांचे एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांतून फिरते नेले, ते याच जाणिवेतून असावे. एका चित्रकाराने स्वतःची चित्रे सोडून इतरांची चित्रे गावोगाव न्यावीत, ही सोपी गोष्ट नाही. पण हे काम एकट्या चित्रकाराचे आहे काय? त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१९-२० मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले, तेव्हा मी सातवी-आठवीत होते. ठाण्यात राहून मला त्याचा पत्ताही नव्हता. शाळेने आम्हाला त्या वर्षी एका वॉटर पार्कला नेले.

माझे म्हणणे साधे आहे. आपल्या गावात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १९७८ चे गडकरी रंगायतन आहे, तलावपाळी आहे, आणि हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला जिथे येऊन थांबली ते स्टेशन आहे. यांपैकी कुठेही, जाता-येता दिसेल अशा भिंतीवर, या शहराची ही चित्रे असावीत. मूळ चित्रे नकोत. ती महाग असतात, पावसाळ्यात ओल येते, आणि खोड्या करणारी पोरे आपल्याकडे कमी नाहीत, हे सगळे मान्य. चांगल्या छापील प्रती लावा. फाटली तर दुसरी लावा. मूळ चित्राची सर प्रतीला येत नाही, असे आमच्या कला मंडळातला एक विद्यार्थी तावातावाने म्हणाला. येत नसेल. बाबांनी मोबाईलवर, तोही काच तडकलेल्या, हाताएवढे चित्र पाहिले आणि आबांना ओळखले. आणि भिंतीसमोर एक बाकडे ठेवावे. चित्र उभ्याने बघायचे असते असा नियम असेल तर तो मोडावा. सुरुवात हवी तर आपल्या कॉलेजच्या जिन्यापासून करू. तिथली भिंत नुसत्या नोटिसांनी भरलेली आहे आणि त्यांतल्या निम्म्या गेल्या वर्षीच्या आहेत.

हे सारे मी आत्ताच का लिहिते आहे, तर आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आहे. बिल्डरने नकाशा आणून मंडळाच्या खोलीत लावला. सात मजल्यांवर आमची घरे, घरात संडास, माझ्यासाठी कदाचित दार असलेली खोली. मी आनंदात आहे, खोटे कशाला बोलू? पण चाळीपुढचा ओटा, जिथे आजी दुपारी चार वाजता शेंगा सोलत बसते, जिथे बाबा कंपनी बंद पडली त्या वर्षी पेपर घेऊन बसायचे (आबांसारखेच, हे मला आता कळते), तो ओटा नकाशात कुठे आहे, हे मी सभेत विचारले. मुलीने सभेत विचारले म्हणून दोघे-चौघे हसले. नकाशावाल्या साहेबांनी मात्र नीट उत्तर दिले. म्हणाले, त्याऐवजी पहिल्या मजल्यावर मल्टिपर्पज हॉल आहे. मी विचारले, दुपारी चार वाजता तो उघडा असेल का? ते म्हणाले, बुकिंग असेल तेव्हा उघडतील. भाड्याचा दर सोसायटी ठरवेल.

पुढची सभा परीक्षेनंतरच्या रविवारी आहे. बाबा बोलणार नाहीत, ते सभेत कधीच बोलत नाहीत; पण त्यांनी ते इराण्याचे चित्र स्टेशनजवळच्या दुकानातून पाच रुपयांत छापून आणले आहे आणि मंडळाच्या खोलीत, नकाशाच्या शेजारी, सेलोटेपने लावले आहे. अजून कुणी काढलेले नाही. आजीला एवढेच विचारायचे आहे की, त्या हॉलला पायऱ्या किती.